पऱ्ह्यांचा हिरवा

मुलीचे लग्न ठरले तेव्हा तिने माझ्याकडे फक्त एक रंग मागितला.

लाखांदूरला बस स्थानकाजवळ माझे छोटेसे दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, होणाऱ्या नाटकांची पत्रके अशी कामे मी संगणकावर मांडून देतो. छपाई नागपूरच्या एका छापखान्यात होते. मी इथून फाईल पाठवतो आणि छापलेले गठ्ठे एसटीने येतात. अर्धे आयुष्य याच कामात गेले. तालुक्यातल्या असंख्य वधूवरांची नावे मी सोनेरी अक्षरांत गुंफली आहेत. त्यामुळे घरच्या लग्नाची पत्रिका कशी असावी, याविषयी नातेवाइकांच्या माझ्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. मुलीची अपेक्षा मात्र मी ओळखू शकलो नव्हतो. ती तिलाच सांगावी लागली.

ती नागपूरला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. सुटीला घरी आली होती. चहाचा कप हातात घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, कपडे-दागिने आई पाहून घेईन. मले पत्रिका तेवढी पऱ्ह्यांच्या रंगाची पायजे."

"म्हणजे हिरवी?"

"हिरवी नाही. पऱ्ह्यांची."

धान रोवण्याआधी त्याचे बी एका लहानशा बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, दाट पेरतात. तिथे उगवलेल्या कोवळ्या रोपांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात. पुढे ती उपटून, जुड्या बांधून मोठ्या बांध्यांत रोवली जातात. रोवलेले धान हिरवे असतेच, पण पऱ्ह्यांचा हिरवा वेगळा. त्याच्या आत पिवळेपणा असतो आणि सकाळचे ऊन पात्यांतून आरपार जाते, तेव्हा तो रंग जमिनीतून उजळल्यासारखा वाटतो. मुलगी लहान असताना माझे वडील तिला शेतात नेऊन बांधावर बसवीत. ती वाकून पऱ्ह्यांवरून तळहात फिरवीत राही. एखाद्या मोठ्या, सुस्वभावी जनावराला कुरवाळावे, तशी.

तिचे सासर पवनी तालुक्यातले कोंढा. तिथेही धान आहेच. पण जावई हैदराबादला नोकरीला आहेत आणि लग्नानंतर ती तिकडेच, पाचव्या मजल्यावर राहायला जाणार होती. रंग कशासाठी मागते आहे हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. काही गोष्टी विचारल्या की लहान होतात. तो रंग तिला मिळायला हवा, एवढे मला त्या क्षणी पक्के कळले.

थंडीचे दिवस होते आणि शेतात उन्हाळी धानाचे पऱ्हे नुकतेच वर आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः जाऊन फोनवर फोटो काढून आली. सूर्य पात्यांच्या मागे, पाते न् पाते पेटलेले. मी त्यातल्या एका पात्यावरून रंग उचलला, पत्रिकेच्या पार्श्वभूमीत भरला, वर पांढऱ्या अक्षरांत नावे मांडली आणि खुर्ची मागे सरकवून पाहत राहिलो. दुकानात दुसरा दिवा लावल्यासारखे वाटले. ते चित्र मी लग्नासाठी केलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले.

शहापूरला राहणारी माझी मोठी बहीण टाईप करीत नाही, बोलून पाठवते. तिचा आवाज आला, "माय वं! भाऊ, हे तं अशी दिसून राहिली जशी आताच पाण्यातून काढली!" मग कोंढ्याच्या मंडळींचे अंगठे आले, फुले आली, हात जोडलेली चिन्हे आली. मुलीने एकच शब्द लिहिला.

"हाच."

इथे मला माझ्या दुकानातल्या पाटीविषयी सांगितले पाहिजे. गिऱ्हाईक बसते त्याच्या समोरच्या भिंतीवर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे: मोबाईलवर दिसणारा रंग आणि कागदावर छापलेला रंग यांत फरक पडेल. येणाऱ्या प्रत्येकाला मी हे समजावूनही सांगतो. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. उजेड स्वतः प्रकाशतो. शाईला मात्र बाहेरून पडेल तेवढ्याच उजेडावर भागवावे लागते. निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चारच शायांतून छापखाना सारे जग उभे करतो, आणि जगातले काही रंग त्या चौघींच्या आवाक्यात बसत नाहीत. उन्हातला कोवळा हिरवा हा त्यांतला अगदी पहिला. अशा त्या पाटीखाली बसून मी मुलीला उजेडाचा रंग दाखवला होता आणि तिने तो पसंत केला होता.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. एका चौकटीत बरोबरची खूण केली की हेच पान शाईत कसे दिसेल, ते पडद्यावरच दिसते. मी खूण केली. हिरवा विझला. खूण काढली, हिरवा परत आला. पुन्हा केली, पुन्हा विझला. देवघरातल्या समईवर कोणी परात झाकावी आणि उचलावी, तसा तो खेळ मी बराच वेळ खेळत बसलो आणि शेवटी ती खूण काढूनच ठेवली.

पुढे फाईल एक्स्पोर्ट करताना संगणक विचारतो: रंग शाईच्या हिशेबात बदलायचे, की आहेत तसेच ठेवायचे? मी नेहमी बदलतो. त्या दिवशी 'आहेत तसेच' निवडले. छापखान्याचे यंत्र नवे आहे, ते सांभाळून घेईल, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण इतकेच होते की तो रंग स्वतःच्या हाताने विझवणे मला जमत नव्हते. ते काम दुसऱ्या कोणी करावे, आणि शक्य झाल्यास मी पाहत नसताना करावे, अशी माझी इच्छा होती. माणूस प्रेमापोटी भित्रा होतो, असे म्हणून मी स्वतःला सोडवू शकेन. पण भित्रेपणाला प्रेमाचे नाव देणे मला पूर्वीपासून जरा अधिकच सोपे जाते.

छापखान्यात फाईली तपासणारे गृहस्थ माझे जुने स्नेही. त्यांचा फोन आला.

"भाऊ, हे फाईल तुमचीच हाय का?"

"माझीच."

"मंग आरजीबीत, स्क्रीनच्या रंगात कशी आली? तुमच्याकडून आजवर अशी फाईल आली नाही. मले वाटलं, दुकान इकलं का काय तुमी!"

"मुलीची पत्रिका आहे."

पलीकडून मोठे हसू आले. "तरीच! बापाच्या डोळ्याले शाई दिसून नाही राहिली. भाऊ, स्क्रीन पाहूनच लग्न लावाचं असतं तं आमच्या मशीनची गरजच काय होती? असं करतो, इथूनच रंग बदलून एक प्रूफ काढतो आन् एसटीत टाकतो. पाहून घ्या. मंग हसा नाही तं रडा."

प्रूफ आले. बस स्थानकाच्या बाकड्यावर बसूनच मी गुंडाळी उलगडली. अंबाडीची भाजी शिजवून, झाकण ठेवून तिला विसरून जावे, तसा रंग होता. वाईट नव्हता. दुसऱ्या कोणाची पत्रिका असती तर 'सौम्य आहे, भारदस्त आहे' असे मी म्हटलेही असते. पण हे पऱ्हे नव्हते. मी गुंडाळी पुन्हा बांधली आणि मोपेडवरून घरी निघालो. मुलगी त्या दिवशी घरीच होती. वाटेत मी वाक्ये जुळवीत होतो. 'हे बघ बेटा, छपाईच्या काही मर्यादा असतात' हे पहिले वाक्य. ते मला तेव्हाही आवडले नव्हते, कारण त्यात मी कुठेच नव्हतो.

घरी शेवयांचा दिवस होता. लग्नाच्या तयारीसाठी माझी बहीण शहापूरहून आली होती. ओसरीत पाट मांडून ती आणि माझी पत्नी बसल्या होत्या आणि दोरीवर शेवया वाळत होत्या. लग्नघरचे पहिले काम म्हणून बहिणीने सकाळीच पूजा केली होती. ओल्या कुंकवाची वाटी अजून तिच्याजवळच होती.

पत्नीने माझ्याकडे एकदा पाहिले. "अजी, आलं का ते छापून?"

"आलं. प्रूफ आहे."

"मंग तोंड काहून असं? कोणाचं नाव चुकलं का?"

"नाव नाही चुकलं."

मी गुंडाळी पाटावर उलगडली आणि मुलीला हाक मारली. ती न्हाऊन केस पुसत होती, तिला यायला वेळ लागला. तेवढ्यात बहिणीने कागद स्वतःपुढे ओढला.

"लग्नाचा कागद हाय भाऊ, आन् असा कोराच घरात आणला? कुंकवाचं बोट नाही, काही नाही!"

"बाई, थांब. ते नुसतं प्रूफ आहे."

"परूफ असो का आणखी काही. देवाले समजते का परूफ?"

आणि तिने वाटीत बोट बुडवून चारही कोपऱ्यांवर कुंकू लावले. आमच्याकडची ही रीत आहे. पत्रिका आली की आधी कुंकू, मग वाचणे. छापलेल्या लाल नक्षीवरसुद्धा बोट टेकवल्याशिवाय बाया पत्रिका हातातून सोडत नाहीत.

मुलगी आली. मी घसा खाकरून पहिले वाक्य उच्चारायला तोंड उघडले, आणि कागदाकडे पाहून तसाच थांबलो. कोपऱ्यांतला हिरवा हलला होता. कुंकवाच्या टिकल्यांभोवती, बोटभर अंतरापर्यंत, तीच अंबाडी ताजी झाली होती. मध्यभागी मात्र ती होती तशीच पडून होती. मी एका टिकलीवर अंगठा धरला. हिरवा मावळला. अंगठा उचलला, पुन्हा उगवला. लालाशेजारी हिरवा खुलतो, हे धंद्यात पहिल्याच वर्षी शिकतात. मीही शिकलो होतो, इतरांना शिकवलेही होते. पण आठवडाभर मी त्या एका रंगाशी एकट्याने झगडत बसलो होतो. त्याला शेजार द्यावा, हे माझ्या मनातही आले नव्हते.

"काय करून राहिले बाबा?" मुलगी वाकून पाहत होती. "कुंकू पुसून नोका टाकू, आत्या मारन."

मग मी जुळवलेले वाक्य सोडून दिले. "बेटा, तुले फोनवर दाखवला तो रंग कागदावर येत नाही. मले हे त्याच दिवशी माहीत होतं."

"माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू 'हाच' लिहिलं होतं. ते वाचल्यावर मले सांगवलं नाही."

ती कागदाकडे पाहत राहिली. तिचा चेहरा उतरला हे मी पाहिले, आणि ते पाहणे माझ्या वाट्याचेच होते. शेवयांचे हातही थांबले होते. मी हळूच म्हणालो, "गडद मरून रंग चांगला उठतो. केशरी पण..."

"नोको." मग तिने ओले केस मागे टाकले आणि एकदम हसली. "दुकानात येवढी मोठी पाटी लावून ठेवली तुमी! साऱ्या तालुक्यानं वाचली. घरच्याच पोट्टीनं वाचली नाही म्हणा."

"वाचाले काय," बहीण म्हणाली, "तुह्या बापानंच कुठं वाचली!"

हसण्यात सगळी सामील झाली, मीही झालो. ते ओसरल्यावर मुलगी म्हणाली, "चला. शेतात घेऊन पाहू."

मोपेडवर मागे बसून तिने तो कागद दोन्ही हातांनी पाटीसारखा छातीशी धरला होता. पऱ्ह्यांच्या बांधीजवळ आम्ही उतरलो. ऊन चांगले वर आले होते. तिने चपला काढल्या, बांधावर उकिडवी बसली आणि कागद पऱ्ह्यांना लावून धरला. पऱ्हे जिंकले, यात प्रश्नच नव्हता. कागदाने मान खाली घातली. पण तिचे लक्ष तिकडे राहिले नव्हते. ती स्वतःच्या पायांकडे, बांधाकडे पाहत होती. आमचा तो बांध मुरमाचा आहे, तांबूस. पाणी लागले की विटकरी होतो. ओल्या तांबड्या कडेला चिकटून पऱ्ह्यांची पहिली ओळ उभी होती आणि सगळ्यांत कोवळी तीच दिसत होती. आतल्या रांगा तितक्या उजळ नव्हत्या.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या फोटोत बांध आलाच नोता."

मीही तिच्याजवळ बांधावर टेकलो. ती लहानपणी जिथे बसायची तिथूनच ती पाहत होती, आणि तिथून पऱ्हे कधी एकटे दिसलेच नसणार.

पुढचे काम आम्ही दोघांनी दुकानात केले. मी ती चौकट उघडली, बरोबरची खूण केली आणि ती शेवटपर्यंत काढली नाही. शाईत दिसेल तेच पाहत काम करायचे, असे ठरवले. यंत्राने आपल्या मनाने रंग बदलताना हिरव्यात थोडी गुलाबी आणि थोडी काळी शाई मिसळली होती. मळकेपणा तिथूनच येत होता. मी त्या दोन्ही पूर्ण काढल्या. उरला नुसता पिवळा आणि त्यात बेताचा निळसर. भोवती मुरमाच्या बांधाची तांबडी कड घेतली, सरळ रेघ न ठेवता बांधासारखी जरा वाकडी. नावांची पांढरी अक्षरे तशीच ठेवली. मजकुराची बारीक अक्षरे फक्त काळ्या शाईत घेतली. चारही शाया एका कान्यावर आणल्या की ठसे जरासे सरकतात आणि अक्षर पुसट होते.

प्रश्न कागदाचा होता. चकचकीत कागदावर रंग अधिक उठतो. माझा हात सवयीने तिकडेच गेला.

"त्याच्यावर कुंकू राहीन का?" मुलीने विचारले.

राहत नाही. गुळगुळीत कागदावरून कुंकू सुकले की झडते. साध्या कागदावर ते मुरते, पण शाईही मुरते आणि रंग एक पायरी खाली उतरतो. मी तिला हे खरे तसे सांगितले, दोन्ही नमुने हातात देऊन. तिने साधा कागद निवडला. "कोपरे मोकळे ठेवा," म्हणाली. "छापलेली लाल फुलं नोको. आत्या हाय ना." त्या कागदावर शाई कशी उतरते, तो हिशेब निवडून मी फाईल शाईच्या रंगांत बदलली आणि एक्स्पोर्ट केली. या वेळी बदलणारा हात माझाच होता, आणि ती शेजारी बसून पाहत होती. फार बरे वाटले.

छापखान्यातून फोन आला, "आता कसं! आता तुमची फाईल वाटते. भाऊ, कोपरे मोकळे दिसून राहिले. काही राहिलं का टाकाचं?"

"राहिलं नाही. ते घरी टाकणार आहोत."

"घरी मशीन बसवली का?"

"हो. शहापूरहून आली आहे."

गठ्ठे आले त्या सकाळी अंगणात चटया अंथरल्या. शेजारच्या बाया आल्या, कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून आली, पोरे आली आणि हाकलली गेली. बहिणीने परातीत कुंकू कालवले आणि मुकादमासारखी मध्ये बसली. "एका बोटानं लावा वं. टिकली लावाची हाय, अंगण नाही सारवाचं!" कोणीतरी म्हणाले, आजकाल छापूनच येते, एवढी मेहनत कायले? त्यावर ती म्हणाली, "छापलेलं जेवण वाढू का मंग तुले लग्नात?" पत्नीने जाता जाता माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर एक टिकली उठवली. चुकून झाले, असे ती आजही म्हणते.

मुलीने पहिली पत्रिका देवासाठी बाजूला ठेवली. दुसरी घेतली, चार कोपऱ्यांना बोट लावले आणि हात लांब करून उन्हात धरली. मी चटईच्या कडेला बसून गठ्ठे सोडत होतो. निदान तसे दाखवत होतो. तांबड्या कडेत, चार टिकल्यांच्या मध्ये तो हिरवा निवांत उभा होता. फोनवरच्यासारखा पेटलेला नव्हता. बांधावर बसून पाहावा तसा होता. ती पत्रिका जराशी तिरपी करून पाहत राहिली. आता ही माझ्यासाठी म्हणून काही गोड बोलेल, या भीतीने मी मान खाली घातली. माझे मन असेच आहे, समोर आलेल्या सुखालाही ते आधी पावती विचारते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हैदराबादहून जावयांचा, चित्रासकट. तिने पत्रिका फोनसमोर धरली.

"दिसली का?"

"दिसली," आवाज आला. "पण जरा फिक्की दिसून राहिली. बाबांनी ग्रुपवर टाकली होती, ते भारी होती."

अंगणात सगळ्यांचे हात थांबले. मुलीने माझ्याकडे पाहिले, मग पत्रिकेकडे, आणि फोनला दटावीत म्हणाली, "फोनवर कायले पाहता? फोनवर रंग असाच दिसते. बाबांच्या दुकानात पाटी हाय, वाचून घेजा." मग पत्रिका पुन्हा उन्हात धरून, कोणालाही न सांगितल्यासारखी ती म्हणाली, "हाच हाय."

मी पुढचा गठ्ठा सोडला. बहिणीने परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "भाऊ, बसला काहून? बोट लाव."